क्लच दाबला की पकड सुटते

इंग्रजीतल्या ‘क्लच’ या क्रियापदाचा अर्थ बोटे वळवून एखादी वस्तू घट्ट धरणे असा आहे. मराठीत मात्र हा शब्द क्रियापद म्हणून कधी रुळला नाही, तो आला गाडीच्या एका भागाचे नाव होऊन, आणि त्याच्याशी जोडली गेलेली मराठी क्रिया मूळ अर्थाच्या नेमकी उलट दिशेने जाते. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेकडे असलेल्या नाकाडोंगरीच्या परिसरात जंगल आहे, धानाची शेती आहे आणि डोंगरी बुजुर्गसारखी मँगनीजची उघडी खाण आहे. त्यामुळे खनिज वाहणारे टिप्पर, चिखलणीला लागणारे ट्रॅक्टर आणि घरोघरच्या दुचाक्या यांच्या निमित्ताने इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसाच्या तोंडीही ‘क्लच’ असतो. तो क्लच दाबतो, क्लच सोडतो, त्याची क्लच प्लेट जळते, क्लच वायर तुटते आणि चढावर गाडी थांबवायची झाली तर तो हाफ क्लचवर धरतो.

या शब्दाची मराठीत झालेली उलटापालट समजण्यासाठी यंत्राकडे क्षणभर पाहावे लागते. इंजिनाबरोबर फिरणारे एक जड चाक असते आणि त्याला एक खरखरीत तबकडी स्प्रिंगच्या जोराने सतत दाबून धरलेली असते. या दोहोंची घट्ट पकड आहे तोवर इंजिनाची गती गिअरपेटीतून चाकांपर्यंत पोचते. चालकाने पेडल दाबले की स्प्रिंगचा दाब तबकडीवरून हटतो, पकड सैल होते, इंजिन फिरत राहते, पण त्याचा चाकांशी असलेला संबंध तुटतो आणि तेवढ्या अवधीत गिअर बदलता येतो. म्हणजे यंत्राच्या लेखी क्लच ही धरून ठेवणारी गोष्ट आहे, तर चालकाच्या लेखी ती दाबली की सुटणारी गोष्ट आहे. दुचाकीवर तर हा विरोध एकाच क्षणी दोन्ही टोकांना दिसतो, कारण चालवणाऱ्याच्या डाव्या हाताची मूठ आवळली जाते तेव्हाच यंत्राची मूठ उघडते. मराठी माणसाने यंत्राऐवजी स्वतःच्या हातापायाच्या बाजूने भाषा घडवली, म्हणून ‘क्लच’ ऐकताच त्याच्या मनात घट्ट धरण्याची नव्हे, तर गती तोडण्याची कल्पना उभी राहते. इंग्रजी गोष्टीत एखाद्या मुलीने बाहुली ‘क्लच’ केली असे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला या ओळखीच्या शब्दाचा आधार होण्याऐवजी अडथळाच होण्याचा संभव असतो. बाजारात मिळणारा केसांचा ‘क्लचर’ आणि बिनपट्ट्याची, मुठीतच धरायची ‘क्लच’ नावाची छोटी पर्स या दोन वस्तूंनी मात्र मूळ अर्थ सांभाळला आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वरूपाचा अर्थ बोटे वाकवणे, मूठ मिटणे असा होता, आणि झडप घालून धरणे, धरून ठेवणे हे अर्थ त्यातून पुढे निघाले. शब्दाच्या जन्मात असा वाकलेला हात असल्यामुळे त्याचे अनेकवचन इंग्रजीत शिकारी पक्ष्याच्या नख्यांची आठवण करून देते आणि शत्रूच्या वा व्यसनाच्या तावडीत सापडणे या अर्थानेही वापरले जाते. पक्ष्यांविषयीच्या पुस्तकांत एका वेळी घातलेल्या अंड्यांनाही ‘क्लच’ म्हणतात, पण त्याचा धरण्याशी काही संबंध नाही. तो उच्चाराने सारखा झालेला, अंडी उबवण्याच्या अर्थाच्या वेगळ्या धातूपासून आलेला शब्द आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांकाठी दिसणाऱ्या सारस पक्ष्याविषयी इंग्रजीत दोन अंड्यांचा क्लच असे लिहिलेले असले, तर मराठीत ‘सारस एका विणीत साधारणपणे दोन अंडी घालतो’ एवढे म्हटले की काम होते, आणि तेथे मूठ किंवा पकड आणणे ही उघड चूक ठरते.

खरी अडचण मुख्य अर्थाची आहे. घट्ट धरण्यासाठी इंग्रजीत शब्दांचा एक जथाच आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द काही वेगळे सांगतो. ‘ग्रिप’ जोर सांगतो, ‘ग्रास्प’ हात पोचणे आणि त्यावरून बुद्धी पोचणे सांगतो, ‘क्लास्प’ आकडा अडकावा तसे दोन टोकांचे मिळणे सांगतो, ‘क्लेंच’ बहुधा मूठ किंवा दात यांपुरता राहतो आणि त्याला बाहेरची वस्तू लागतेच असे नाही, तर ‘क्लिंग’ अंगाने चिकटून राहणे सांगतो. या सर्वांत ‘क्लच’चे वेगळेपण असे की त्यात हाताच्या घट्टपणाबरोबर मनाची अवस्थाही आलेली असते. ज्याने वस्तू क्लच केली आहे त्याला ती जाईल अशी भीती आहे, किंवा ती हवीच असा लोभ आहे, किंवा दुसरा काहीच आधार उरलेला नाही. बुडणारा माणूस गवताची काडी धरतो ही कल्पना इंग्रजीत याच क्रियापदाने मांडली जाते आणि मराठीत ‘बुडत्याला काडीचा आधार’ या म्हणीने. दोन्हींत काडी तीच आहे, पण इंग्रजीने बुडणाऱ्याच्या हाताकडे पाहिले आहे आणि मराठीने काडीकडे, म्हणून मराठी म्हणीत धरण्याचे क्रियापदच नाही.

मराठीत या सर्वांचे ओझे मुख्यतः ‘धरणे’ या एका क्रियापदावर आहे, आणि हे क्रियापद इतके पसरलेले आहे की त्यात घट्टपणाची किंवा भीतीची खूण शिल्लक राहिलेली नाही. पाऊस धरतो, झाड फळ धरते, पीक तग धरते, मूल बाळसे धरते, माणूस धीर धरतो, राग मनात धरतो, उपास धरतो, गावची वाट धरतो, दुसऱ्याचे पाय धरतो किंवा कान धरतो, आणि एखादी गोष्ट गृहीत धरतो. बावनथडी नदीवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून उभारलेला राजीव सागर प्रकल्प याच भागातला आहे. पाणी अडवणाऱ्या अशा बांधकामाला मराठीने ‘धरण’ हे नाव दिले तेही याच ‘धृ’ धातूपासून, आणि मागणी पदरात पडेपर्यंत दारात बसून राहण्याला ‘धरणे’ म्हणतात तेही तेथूनच. एवढ्या मोठ्या कुळाच्या शब्दाला एकट्याने ‘क्लच’चा अर्थ पेलत नाही, म्हणून मराठी त्याला सोबत देते.

ही सोबत दोन प्रकारची असते. पहिली क्रियाविशेषणाची: घट्ट, गच्च, करकचून, आवळून. दुसरी, आणि अधिक मराठी वळणाची, म्हणजे शरीराच्या ज्या भागाने धरले त्या भागाचा उल्लेख. इंग्रजी क्रियापद धरणाऱ्याचे मन सांगते आणि अवयव बहुधा गृहीत धरते; मराठी अवयव सांगते आणि त्यावरून मन आपोआप कळते. मुठीत धरले, चिमटीत धरले, कवेत घेतले, काखेत मारले, उराशी धरले, पोटाशी धरले, दातांत धरले, यांतला प्रत्येक प्रयोग वेगळा प्रसंग उभा करतो. पोटाशी धरण्यात माया आणि रक्षण आहे, उराशी धरण्यात जपणूक आहे आणि बऱ्याचदा दुःखही आहे. जत्रेच्या गर्दीत बावरलेले पोर आईचा पदर गच्च धरते, म्हातारा नोटांची पुरचुंडी मुठीत आवळून बसतो, परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र आई उराशी कवटाळते, आणि छातीत कळ आलेला माणूस छाती हाताने दाबून धरत खाली बसतो. या चारही ठिकाणी इंग्रजीत एकच क्रियापद चालेल, तर मराठीत एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. पोराने पदर उराशी कवटाळला असे लिहिले तर चित्रच बदलते, आणि छातीच्या कळेसाठी ‘छाती कवटाळली’ हे तर कोणी बोलणारच नाही. भीतीचे सर्वांत नेमके मराठी चित्रही मुठीतच आहे, कारण संकटातून वाट काढणारा मराठी माणूस जीव मुठीत धरून चालतो.

‘कवटाळणे’ या क्रियापदाकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण अनुवादक ‘क्लच’साठी सर्वांत आधी त्याच्याकडेच वळतात. त्यात ‘कव’ आहे, म्हणजे दोन्ही हातांनी केलेला वेढा. जे कवेत मावते आणि छातीपर्यंत आणता येते तेच कवटाळता येते. बाळ, उशी, गाठोडे, झाडाचे खोड, देवळाचा खांब यांना ते शोभते. किल्ली, नाणे किंवा बसमधली दांडी यांना शोभत नाही. लाक्षणिक अर्थाने मात्र त्याची धाव मोठी आहे: माणूस मृत्यूला कवटाळतो, आणि जुन्या समजुती कवटाळून बसतो. या दुसऱ्या प्रयोगात सोडायला हवे ते न सोडण्याचा जो दोष ऐकू येतो, तो इंग्रजी ‘क्लच’मधल्या हव्यासाच्या अगदी जवळ जातो.

अनुवादात याहून मोठी आणि अधिक वारंवार होणारी चूक शब्दाची नसून काळाची असते. एक बाई पिशवी घट्ट धरून बसली आहे हे सांगताना इंग्रजी वाक्यात चालू काळाचे रूप येते, आणि ते जसेच्या तसे उचलले की मराठीत ‘ती पिशवी घट्ट धरत होती’ असे वाक्य तयार होते. मराठी कानाला त्यातून ती पुनःपुन्हा धरत आणि सोडत होती, किंवा धरण्याचा प्रयत्न करत होती, असे वाटते. मराठीत धरणे ही एका क्षणात पुरी होणारी क्रिया आहे. बोटे मिटली की ती झाली, आणि त्यानंतर जे उरते ती अवस्था. ती अवस्था सांगायला मराठी पूर्वकालवाचक ‘धरून’ घेते आणि त्यापुढे दुसरे क्रियापद ठेवते: धरून होती, धरून बसली होती, धरून उभी होती, धरून राहिली, धरून ठेवली. हे दुसरे क्रियापद भरतीचे नाही. ‘धरून ठेवली’मध्ये हेतू आणि काळजी आहे, ‘धरून राहिली’मध्ये चिकाटी आहे, आणि ‘धरून बसली’मध्ये प्रसंगानुसार हट्ट आहे. ‘हातात धरवत नाही’ या शक्यार्थी रूपात हात असूनही बळ नसल्याची जी वेदना येते, ती इंग्रजीत वेगळे शब्द जोडल्याशिवाय येत नाही. ज्या मनोवस्थेसाठी इंग्रजीने स्वतंत्र क्रियापद राखले, ती मराठीने अशी दोन क्रियापदांच्या सांध्यात ठेवली आहे, म्हणून ‘क्लच’ला मराठीत प्रतिशब्द नाही ही तक्रार शब्दकोशाचे एक पान पाहून केलेली वाटते.

हाताविषयीची मराठीची ही बारीक नजर शास्त्राशीही जुळणारी आहे. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ जॉन नेपियर यांनी 1956 साली मानवी हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार मांडले: एक जोराची पकड, जिच्यात वस्तू वळलेली बोटे आणि तळवा यांच्यामध्ये आवळली जाते, आणि दुसरी नेमकेपणाची पकड, जिच्यात वस्तू बोटांची टोके आणि अंगठा यांच्यामध्ये राहते. मराठीतले मूठ आणि चिमूट हे शब्द हाच भेद सांगतात, आणि त्यांवरून मापेही तयार झाली आहेत, मूठभर तांदूळ आणि चिमूटभर मीठ. तान्ह्या बाळाच्या तळव्याला बोट लावले की ते आपोआप मूठ मिटून बोट धरते. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया साधारण पाच-सहा महिन्यांत मावळते, आणि चिमटीने बारीक दाणा उचलणे त्यानंतर, वर्ष भरता भरता साधते.

नाकाडोंगरीच्या शिवारात या दोन्ही पकडी पावसाळ्यात एकाच माणसाच्या दोन हातांत दिसतात. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी डाव्या हातात मुठीने धरलेली असते आणि उजव्या हाताची बोटे तिच्यातली दोन-चार रोपे चिमटीत वेगळी काढून चिखलात खोवत जातात. डावा हात सैल पडला तर जुडी विस्कटते आणि उजव्याने जोर केला तर कोवळी मुळे मोडतात. उन्हाळ्यात जंगलातून तोडून आणलेली तेंदूची पाने मोजून पुडके बांधताना प्रकार थोडा निराळा असतो. महाराष्ट्रात एका पुडक्यात 70 पाने धरतात आणि अशी 1000 पुडकी मिळून एक प्रमाण गोणी होते, तेव्हा पाने एकावर एक लावून ती मुठीत आवळणे आणि सुटू न देता दोरा गुंडाळणे ही दोन कामे दिवसभरात शेकडो वेळा होतात. येथे ‘आवळणे’ हे क्रियापद आपल्या खऱ्या घरात असते: धरण्याच्या पुढची, दाब वाढवत नेण्याची क्रिया. मूठ आवळतात, दोरी आवळतात, फास आवळतो. कवटाळण्यातली माया आवळण्यात नाही.

नामांच्या बाजूने पाहिले तर मराठी फार समृद्ध आहे. इंग्रजीत ज्याला कोणाच्या तरी ‘क्लचेस’मध्ये सापडणे म्हणतात त्यासाठी मराठीत तावडी, कचाटा, विळखा, पाश, पंजा, मूठ आणि मगरमिठी असे शब्द आहेत आणि त्यांच्यामागे धरणारा प्राणी किंवा साधन बहुधा स्पष्ट दिसते. विळखा सापाचा, म्हणून व्यसनाला आणि कर्जाला तो लागू पडतो, कारण दोन्ही हळूहळू घट्ट होत जातात. पाश दोरीचा, म्हणून मोहाचाही पाश असतो. पंजा वाघाचा, म्हणून त्यात झडप आहे. अरबीतून आलेल्या ‘कब्जा’ या शब्दाच्या मुळाशीही मूठ आणि पकडच आहे, पण मराठीत तो जमिनीच्या व्यवहारात आणि कब्जेपावतीत असा स्थिरावला की आता त्यात हात दिसत नाही, कागद दिसतो.

संस्कृतातल्या ‘ग्रह्’ धातूचा प्रवास याहून लांबचा आहे. वेदकालीन भाषेत त्याचे रूप ‘ग्रभ्’ असे होते आणि ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात वराने वधूचा हात धरण्यासाठी तेच वापरले आहे. इंग्रजी ‘ग्रॅब’ आणि ‘ग्रास्प’ यांचा संबंध भाषाविद बहुधा याच धातूच्या प्राचीन मुळाशी जोडतात. प्राकृतातून हा धातू मराठीत आला तो ‘घेणे’ होऊन, आणि त्याची पकड इतकी सैल झाली की आज घेण्यात घट्टपणाचा लवलेशही नाही. संस्कृत रूपातच राहिलेल्या भावंडांत मात्र तो जिवंत आहे. चंद्राला ग्रहण लागते म्हणजे कोणीतरी त्याला धरते, संग्रहात वस्तू एकत्र धरल्या जातात, निग्रहात मन धरून ठेवले जाते, आणि आग्रहात दुसऱ्याला सोडले जात नाही. विवाहातले ‘पाणिग्रहण’ बोलीभाषेत उतरते तेव्हा ‘हात धरणे’ होते आणि ‘हात पकडणे’ होत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पळणाऱ्याला किंवा निसटणाऱ्याला ताब्यात आणणे हा ‘पकडणे’चा गाभा आहे, म्हणून चोर पकडतात, मासा पकडतात, गाडी पकडतात, पण हात पकडला म्हटले की हात धरणाऱ्याच्या मनाविरुद्ध दुसरा जाऊ पाहतो आहे असे वाटते. हिंदीच्या सततच्या सहवासाने, विशेषतः विदर्भात, हा भेद पुसट होत चालला आहे, आणि तो जपला जावा असे कोणाही भाषाप्रेमीला वाटेल.

कोशकारांनी या भांडाराची नोंद मोठ्या कष्टाने केली आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आणि त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 साली निघाली. उलट्या दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनी सुरू केला आणि थॉमस कँडी यांनी पुरा करून 1847 साली प्रसिद्ध केला. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग 1932 ते 1938 या काळात आले. इंग्रजी-मराठी कोशाच्या रचनेतच एक मर्यादा असते: एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द स्वल्पविराम देत ओळीने मांडले जातात आणि वाचकाला ते सारखेच वाटू लागतात. कवटाळणे, आवळणे आणि मुठीत धरणे यांच्यामध्ये स्वल्पविरामापेक्षा बरेच मोठे अंतर आहे, ते दाखवायचे तर प्रत्येकापुढे कोणी, काय आणि शरीराच्या कोणत्या भागाने धरले हे सांगणारे एकेक वाक्य हवे.

पूर्व विदर्भातल्या बोलींकडे वळले की चित्र आणखी रंगते. नाकाडोंगरीच्या परिसरात झाडीबोलीच्या जोडीला पोवारी, गोंडी आणि हिंदी कानावर पडतात. झाडीबोलीचा अभ्यास आणि तिचा शब्दकोश साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी निष्ठेने उभा केला. प्रमाण मराठीतल्या ‘ण’च्या जागी या बोलीत ‘न’ येतो आणि ‘ळ’च्या जागी ‘र’, म्हणून डोळा हा डोरा होतो आणि काळा हा कारा. हाच नियम ‘आवळणे’ला लावला तर ते ‘आवरने’ असे ऐकू येईल, आणि आवरणे म्हणजे आटोक्यात ठेवणे हा वेगळा शब्द त्याच्याशी उच्चाराने एक होईल. दोन शब्दांची मुळे वेगळी असली तरी अर्थाने ते शेजारचेच आहेत: बैलाचा कासरा आवळला की बैल आवरला जातो.

दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते तेव्हा डाव्या मुठीत जेवढी ताटे मावतात तेवढी एका वेळी विळ्याने कापली जातात, आणि कापलेल्या मुठी कडपा म्हणून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाळायला पसरतात. या हाताचे वर्णन इंग्रजीत करताना ‘क्लच’ बसणार नाही, कारण मूठ घट्ट असली तरी तिच्यात भीती नाही. नुसते ‘धरणे’ तेथे पुरते. पण कडपा उघड्यावर असताना अवकाळी पाऊस उतरला तर तेच धान भिजण्याआधी हाताला येईल तेवढे छातीशी कवटाळून पुंजण्याकडे, म्हणजे रचलेल्या गंजीकडे, पळवावे लागते, आणि त्या धावपळीत त्या इंग्रजी क्रियापदाचा पुरा अर्थ येतो.